वाक्यातली बाई

१७ फेब्रुवारी

आज मी चोरी केली. दिवसाढवळ्या, डोळ्याला चष्मा लावून, स्वतःच्याच स्वयंपाकघरात.

झालं असं की मी शिकवते त्या क्लासच्या सरांनी मला पुस्तक लिहायला दिलंय. इंग्रजी वाक्यांतल्या चुका ओळखा. एकूण पाचशे वाक्यं, प्रत्येकाचे चार तुकडे, कुठल्या तुकड्यात चूक आहे ते पोरांनी सांगायचं. कुठंच नसेल तर पाचवा पर्याय, 'चूक नाही'. नोकरीच्या परीक्षांत हा प्रश्न हमखास असतो. मी आठवडाभर बसून साठ वाक्यं रचली आणि मोठ्या ऐटीत नेऊन दिली. सरांनी दहा वाचली आणि कागद बाजूला ठेवला.

"बाई, ह्या चुका खोट्या वाटतात," म्हणाले. "तुम्ही चुकायचं म्हणून चुकलाय. माणसं अशी चुकत नाहीत. मला खऱ्या चुका आणा."

सव्वीस वर्षं मी लाल पेन चालवतेय. पोरं पाठीमागं मला 'लालपेन'च म्हणतात, मला ठाऊक आहे. आणि मला धड चुकताही येत नाही म्हणे! तणतणत घरी आले, तर फ्रिजवर धाकटीची वही.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमची दोन बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर. ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर आहे. दिवसभर दोन्ही हात वर करून ओल्या चादरी रोलरमध्ये सरकवायच्या. आता तिथं काउंटरवर एक जागा निघणार आहे, खुर्चीवर बसून तक्रारी लिहून घ्यायच्या, पण इंग्रजीत. जुलैत लेखी परीक्षा. म्हणून मी तिला सांगितलंय, रोज पाच वाक्यं लिहून वही फ्रिजवर ठेव, मी दहा वाजता तपासून ठेवीन. "काय लिहू?" म्हणाली. मी म्हटलं, "वाट्टेल ते लिही. खरं लिही, खोटं लिही, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी फक्त चुका बघणार."

आजच्या पाच वाक्यांत सात चुका होत्या, सगळ्या ताज्या. मी तीन वाक्यं उतरवून घेतली. विचारलं नाही. संध्याकाळी तिनं न सांगता माझ्यासमोर चहा आणून ठेवला, तेव्हा मला तो कप उचलवेना. मग उचलला. थंड कशाला होऊ द्यायचा.

२४ फेब्रुवारी

सर खूश. "आता कसं! ही वाक्यं कुणीतरी खरंच बोललंय असं वाटतं. कुठून आणता?"

"निरीक्षण," मी म्हटलं. लाज कशी वाटली नाही मला.

धाकटीला विचारायला काय हरकत आहे? हरकत अशी की ती नको म्हणणार नाही. 'घ्या की ताई,' म्हणेल आणि उद्यापासून जपून लिहायला लागेल. मग खऱ्या चुका कुठून आणायच्या? म्हणजे मी तिच्या भल्यासाठी गप्प नाही, पुस्तकाच्या भल्यासाठी गप्प आहे. इथं तरी खरं लिहावं.

११ मार्च

आज नुसती चंगळ. पाचपैकी पाच वाक्यं चुकलेली आणि प्रत्येक चूक निराळी. 'माय लेफ्ट हँड इज पेनिंग ऑन मशीन.' हे तर काळ चुकवण्याचं आदर्श उदाहरण. आणि दुसरं, 'वन स्मॉल स्टोन इज देअर' असं अर्धं लिहून खोडलेलं, मग पुन्हा नीट: 'इन माय अंडरआर्म वन स्मॉल स्टोन इज देअर.' शब्दांचा क्रम बघा! काखेत खडा कसा जाईल, असा एक प्रश्न मला पडला, पण तो व्याकरणाचा नव्हता.

बाईची कल्पनाशक्ती दांडगी आहे. मी 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' असलं लिहू नकोस म्हटलं होतं, ते फारच मनावर घेतलंय. लाल शाईनं सगळं दुरुस्त केलं, तारीख घातली, खाली लिहिलं, 'गुड. इम्प्रूव्हिंग.' कौतुक केलं की पोरं जोमानं लिहितात. मोठ्या बाया पण पोरंच.

पाचही वाक्यं उतरवून घेतली. एकशे बारा ते एकशे सोळा.

२ एप्रिल

धाकटी वरच्या फळीवरचा डबा काढायला मला हाक मारते हल्ली. माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे ती. मी म्हटलं, "काउंटरवर बसायच्या आधीच मेमसाहेब झालीस का गं?" ती हसली. भावजी म्हणजे तिचा नवरा तिथंच बसला होता. कंपनीची बस चालवतो, सकाळी पाचला घर सोडतो, चेष्टेशिवाय बोलत नाही. म्हणाला, "वहिनी, हिला घरात पण इंग्रजीतच भांडायला लावा. मला कळणार नाही, तेवढीच शांतता."

सगळे हसलो. डबा मीच काढून दिला.

ह्या हसण्याच्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. असं वाटलं होतं की आत्ता म्हणावं, "धाकटे, तुझी वाक्यं मी चोरतेय बरं का." चेष्टेत खपून गेलं असतं. पण तोंडात शब्द आले आणि मी विचारलं ते मिठाचं.

१९ एप्रिल

'इट इज मोअर बिगर दॅन लास्ट मंथ.'

काय बोलावं! मोठ्याच्या पुढं पुन्हा जास्त. ही चूक मी तीन महिने स्वतः रचायला बसले असते तरी अशी सहज उतरली नसती. क्लासमध्ये फळ्यावर लिहिली, पोरं हसली, मीही हसले. एका मुलीनं विचारलं, "बाई, काय मोठं झालंय?" मी म्हटलं, "काय झालंय ते बघू नकोस, चूक कुठं आहे ते बघ. परीक्षेत वाक्य काय म्हणतंय याला मार्क नसतात."

घरी आल्यावर मात्र मन खात राहिलं. धाकटीच्या वाक्यावर मी चाळीस पोरांना हसवलं. ती बिचारी मला ताई ताई म्हणते आणि मी तिची वही उघडी करून फळ्यावर मांडते. पुस्तक निघालं की पहिली प्रत तिला द्यायची, आणि सोबत एक चांगलं घड्याळ. मनगटी. काउंटरवर बसताना शोभेल. हे ठरवल्यावर जरा बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचाच राग आला.

२८ एप्रिल

आज वहीत एकच वाक्य होतं. 'प्लीज टेल मी व्हॉट शुड आय डू.'

पाच लिहायची आणि एकच लिहून मोकळी! पण चूक लाखमोलाची. वाक्याच्या पोटात प्रश्न आला की त्याचा क्रम सरळ करायचा असतो, हे शिकलेल्या लोकांनाही कळत नाही. मी अख्खं पान भरून समजावलं, बाण काढले, सहा उदाहरणं दिली. शेवटी लिहिलं, 'नीट वाच. हे परीक्षेत येणारच.'

हे वाक्य एकशे ब्याण्णव.

६ मे

आज मी पकडले गेले, असं वाटलं होतं.

दुपारी मी एकटीच भाजी निवडत होते. धाकटीची सुट्टी. ती येऊन समोर बसली, एक देठ उचलला, उगाच मोडत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "ताई, वहीतलं... तुम्ही सगळं वाचता ना?"

मी गारच पडले. कळलं हिला! क्लासमधल्या कुणीतरी सांगितलं असणार, किंवा माझी कागदांची चवड हिनं पाहिली. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "हो हो, वाचते की. सगळं वाचते. अगं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. असं सगळ्यांचंच होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"म्हणजे काळजीचं नाही ना काही?"

"अजिबात नाही. परीक्षा होऊ दे, मग आपण निवांत बोलू. आपोआप सुधारतं बघ सगळं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग एवढी हसली म्हणून सांगू, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार." आणि उरलेली सगळी भाजी तिनंच निवडली.

म्हणजे तिला चोरीचं कळलेलं नव्हतंच. ती आपल्या चुकांच्या काळजीत होती! माझा जीव भांड्यात पडला. किती विश्वास टाकावा एखादीनं एखादीवर.

३० मे

ह्या महिन्यात धाकटीची वाक्यं पार गुळगुळीत झालीत. बस उशिरा आली. मॅनेजरनं नवं टेबल आणलं. आज उकडतंय. चुकाही दोन-तीनच. तिच्या दृष्टीनं उत्तम, माझ्या पुस्तकाच्या दृष्टीनं दुष्काळ. ती मार्च-एप्रिलमधली वाक्यं काय होती! जीव होता त्यांत.

पाचशे भरायला अजून दोनशे हवीत. सरांचा तगादा चालू आहे. वाक्यं उलटीसुलटी मिसळायला हवी होती, पण मला कंटाळा आला. वहीत ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं देऊन टाकणार.

१२ जुलै

धाकटी पास! अठरा जणांत पहिली!

भावजीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला. धाकटी माझ्या पाया पडायला वाकली, अर्धीच वाकली आणि डावा हात छातीशी धरून उभी राहिली. "चमक भरली," म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे गं, मशीननं मोडलीय तुझी कंबर. आता खुर्चीवर बस सुखानं."

"ताई, हे तुमच्यामुळे."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. मी तिच्या शेकडो चुकांवर पुस्तक लिहिलं आणि ती म्हणते तुमच्यामुळे. घड्याळ घेऊन ठेवलंय कपाटात. पुस्तक हातात आलं की एकदाच सगळं सांगेन आणि माफी मागेन. नक्की.

९ ऑगस्ट

लिहवत नाही. पण लिहिते. नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं नव्हतं झालं.

सकाळी प्रेसमध्ये गेले, जुळणी झालेली पानं तपासायला. आत कॉम्प्युटरवर बसणारी एक बाई आहे, माझ्याच वयाची, स्वेटर खुर्चीला अडकवलेला, समोर चण्याएवढा देवाचा फोटो चिकटवलेला. तिनंच माझं सगळं पुस्तक टाइप केलंय. मी पानं घेऊन निघाले तशी म्हणाली, "बाई, एक विचारू? रागवू नका."

मला वाटलं, कुठं जुळणी चुकली असेल.

"त्या बाईचं पुढं काय झालं?"

"कुठल्या बाईचं?"

"ह्या वाक्यातल्या." तिनं पानं माझ्या हातातून घेतली आणि बोटानं दाखवत गेली. "मला इंग्रजी फारसं येत नाही. अक्षर अक्षर लावून टाइप करते, म्हणून हळूहळू वाचलं जातं. हे बघा. मशीनवर तिचा डावा हात दुखतो. मग तिला काखेत खड्यासारखं लागतं. इथं म्हणते, मी कुणालाच सांगितलं नाही. इथं म्हणते, माझी आई अशीच गेली. मग इथं, गेल्या महिन्यापेक्षा मोठं झालंय. मी रोज घरी जाऊन आईला सांगायचे, आज त्या बाईचं एवढं झालं. इथं तर ती सरळ विचारतेच, मला सांगा मी काय करू. आणि पुढं एकदम बसच्या वेळा आणि मॅनेजरचं टेबल. आईनं काल पण विचारलं, अगं, दाखवलं का तिनं डॉक्टरला?"

मी तिच्या हातातली पानं ओढून घेतली.

माझी आई अशीच गेली, हे वाक्य मी वाचलं होतं. माझ्या हातानं उतरवलं होतं. एकशे चौऱ्याहत्तर. त्यात क्रियापदाची चूक होती, ती मला आत्तासुद्धा जशीच्या तशी आठवते.

तिथून मी थेट लाँड्रीत गेले. रिक्षा, पैसे, जिना, काही आठवत नाही. काउंटरवर धाकटी बसली होती, नवा निळा कोट घालून. उजव्या हातानं लिहीत होती आणि डावा मांडीवर, दुखऱ्या पोरासारखा, सांभाळून ठेवलेला. हा हात गेले पाच महिने असाच आहे. फळीवरचा डबा मीच तर काढून देत होते.

"ताई? तुम्ही इथं? घरी काही झालं का?"

"ऊठ. डॉक्टरकडं जायचंय."

"मला आज तेवीस पावत्या..."

"धाकटे, ऊठ गं. पाया पडते तुझ्या."

तिला कळलं. चेहरा पांढरा पडला. मागं धुतलेल्या चादरींचे गठ्ठे लावायची बोळ आहे, तिथं मला घेऊन गेली. गरम कपड्यांचा वास येत होता. तिथं हळूच म्हणाली, "वाढलंय ते. पण तुम्ही म्हणाला होतात ना, घाबरण्यासारखं काही नाही? मी विचारलं होतं की तुम्हाला. भाजी निवडताना."

मी समोरच्या चादरीची घडी सरळ करायला लागले.

"मी तर रोज लिहीत होते," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगत होती. "घरात बोलायला तोंड उघडत नव्हतं. आपल्या भाषेत तो शब्द काढला की झालं, आजार खराच झाला असं वाटायचं. इंग्रजीत लिहिलं की दुसऱ्याच कुठल्या बाईचं वाटायचं. आणि तुम्ही रोज वाचून, तारीख घालून, परत ठेवत होतात. मी म्हटलं, ताई शिकलेल्या आहेत, त्यांना सगळं कळलंय. कळूनही काही म्हणत नाहीत, उलट 'गुड' लिहितात, म्हणजे नक्कीच साधं असणार."

मी तिला घट्ट धरलं. डावीकडून धरलं. ती कळवळली. तेवढंही मला जमलं नाही.

१० ऑगस्ट

हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांत आहेत. हातानं तपासलं तेव्हाच त्यांचं बोलणं कमी झालं. मग विचारलं, "पहिल्यांदा कधी लागलं हाताला?"

"झाले असतील दोन-अडीच महिने," धाकटी म्हणाली. तिला मला वाचवायचं होतं, हे मला दिसत होतं.

मी पिशवीतून वही काढली. "अकरा मार्च."

त्यांनी वही घेतली. वाक्य वाचलं. मग खालची तारीख, शेजारची लाल शाई.

"हे 'गुड, इम्प्रूव्हिंग' कुणी लिहिलंय?"

"मी."

त्यांनी आपल्या कागदावर तारीख लिहून घेतली आणि वही मला परत दिली.

२१ ऑगस्ट

रिपोर्ट आला. तोच आहे. काखेतल्या गाठींत पोचलाय, पण पुढं कुठं दिसत नाही. आधी ऑपरेशन, मग औषधं, मग किरणांचे शेक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्या होण्याची आशा चांगली आहे. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, "मार्चमध्ये आणलं असतं तर?"

"गाठ लहान असती," त्या म्हणाल्या. "उपचार कदाचित कमी लागले असते. ह्यापुढं जाऊन मी काही सांगू शकत नाही. आणि तुम्हीही सारखं तेच विचारत बसू नका."

विचारत बसू नका म्हणे. दुसरं करतेय काय मी?

हे, म्हणजे माझे पती, म्हणाले, "तू काय डॉक्टर आहेस? तू तुझं काम केलंस." माझं काम! तेच तर केलं. भावजीनं एक शब्दही दोष दिला नाही. नुसता बसमध्ये जाऊन बसला, दार लावून. मी चहा नेला. तो म्हणाला, "वहिनी, रोज शेजारी झोपतो मी. मला तरी कुठं कळलं?" म्हणजे त्यानं माझा अर्धा गुन्हा आपल्या अंगावर घेतला. त्याला वाटलं त्यानं मला धीर दिला.

पण त्याला तिनं लिहून दिलं नव्हतं. मला दिलं होतं. रोज.

२५ ऑगस्ट

सरांकडं जाऊन धाकटीची सगळी वाक्यं काढून घेतली. ते हैराण. "बाई, दोनशे नव्वद वाक्यं! तीच तर पुस्तकाचा जीव आहेत. नाव कुठं आहे तिचं? कोण ओळखणार?"

"जुळणीवालीनं ओळखली," मी म्हटलं. "तिच्या आईनं ओळखली. मी नाही ओळखली."

त्यांना काही उमगलं नाही. म्हणाले, मग पुस्तक राहिलं. मी म्हटलं, राहू दे.

प्रेसमध्ये पण गेले. त्या बाईला सांगितलं, दाखवलं डॉक्टरला, ऑपरेशन आहे. तिनं हात जोडले. "आईला सांगते," म्हणाली. "तिचा जीव लागून राहिलाय." मला म्हणावंसं वाटलं की तुमच्या आईला माझ्या जागी पाठवा. म्हटलं नाही.

३ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. चार तास. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी भावजीला विचारलं, बसवर कोण गेलंय? मग मला म्हणाली, "काउंटरची जागा ठेवलीय त्यांनी. मॅनेजर स्वतः येऊन सांगून गेले." आणि झोपली.

घड्याळ तिच्या उशाला ठेवलं. ती झोपलेली असतानाच ठेवलं. समोरून द्यायची माझी हिंमत नाही.

८ सप्टेंबर

मी रोज जाते. फळं कापते, केस विंचरते, नर्सला हाका मारते. धाकटी सगळ्या गप्पा मारते. ती विषय काढत नाही, मी काढू शकत नाही. 'माफ कर' हे दोन शब्द. चाळीस पोरांसमोर दिवसभर खणखणीत बोलणारी मी, आणि ते दोन शब्द मला म्हणता येत नाहीत. माफ कर म्हटलं तर ती लगेच 'असं काय ताई' म्हणेल, आणि मग मीच तिच्याकडून सुटका लुबाडून घेतली असं होईल.

आज तिथून येताना कळलं की तिचं तोंड का उघडत नव्हतं.

९ सप्टेंबर

सकाळी तिची वही काढली. कोरं पान. काळ्या पेननं पाच वाक्यं लिहिली, इंग्रजीत. जन्मात पहिल्यांदा मी त्या वहीत दुरुस्तीशिवाय काही लिहिलं.

पहिलं, मी तुला न विचारता तुझी वाक्यं घेतली. दुसरं, मी सगळं वाचलं आणि तुला वाचलं नाही. तिसरं, भाजी निवडताना मी जे बोलले ते मला वाटलं की तू माझी चोरी पकडलीस म्हणून. चौथं, मला भीती वाटते. पाचवं तिचंच वाक्य, फक्त क्रम सरळ केलेलं. 'प्लीज टेल मी व्हॉट आय शुड डू.'

वही तिच्या स्टुलावर ठेवली, माझं लाल पेन त्यात खुपसलं आणि पळत बाहेर आले. जिन्यात एका वॉर्डबॉयला धडकले, त्यालाच 'सॉरी सॉरी' म्हणत राहिले. तो म्हणाला, "अहो बाई, पुरे, लागलं नाही मला."

१० सप्टेंबर

गेले तेव्हा धाकटी झोपली होती. मनगटावर घड्याळ होतं. वही स्टुलावरच, पेन टोपण लावून वर ठेवलेलं. मी वही उचलली.

प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ होती. माझ्यासारखी चूक दाखवणारी नाही. सबंध वाक्याखाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बोट ठेवून वाचत गेल्यावर ओढतात तशी. तिसऱ्या वाक्याशी शाई जरा पसरली होती. पाणी सांडलं असेल, किंवा नसेल.

पाचव्याखाली तिनं उत्तर लिहिलं होतं. मी त्या प्रश्नाला अख्खं पान भरून बाण काढले होते आणि उत्तर दिलं नव्हतं. तिनं तीनच ओळी लिहिल्या होत्या.

'कम डेली फोर ओ'क्लॉक. टी ब्रिंग. नो क्रायिंग इन वॉर्ड.'

तीन ओळी, तीन चुका. माझा हात पेनकडं गेला नाही. मी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या, काय सांगितलंय ते बघितलं. चार वाजायला वीस मिनिटं होती. खाली जाऊन चहा आणला, दोन कप. येताना पायऱ्यांवर जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं.

ती जागी झाली होती. कप हातात घेतला, उजव्या. मी म्हटलं, "वाचलं मी."

"पान उलटलंत का?"

उलटलं नव्हतं. उलटलं. तिथं आजची तारीख होती, आणि खाली लाल शाईत, मी लिहायचे तसंच तिरकं अक्षर काढून लिहिलेलं होतं, 'गुड. इम्प्रूव्हिंग.'